मार्कोनी, दौंड आणि आमचा ऊस

शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकात एका मार्काचा ठरलेला प्रश्न असायचा. रेडिओचा शोध कोणी लावला? उत्तर : मार्कोनी. आम्ही ते पाठ केलं, मार्क मिळवला आणि विसरून गेलो. इंजिनिअरिंगला ई अँड टीसीला आल्यावर कळलं की हे उत्तर अर्धंच खरं आहे. आणि प्रोजेक्टच्या निमित्ताने थोडं जास्त वाचल्यावर असं वाटायला लागलं की या माणसाची खरी गोष्ट शोधाची नाहीच मुळी. ती गर्दीची आहे. एकाच हवेत दोघे जण एकदम बोलायला लागले तर काय करायचं, या एका प्रश्नाने मार्कोनीचा जन्मभर पिच्छा पुरवला. तोच प्रश्न आज आमच्या पणदऱ्याच्या उसातल्या सेन्सरना पडलाय. आणि गंमत म्हणजे त्या प्रश्नाचं एक भलंमोठं उत्तर १९२७ साली आपल्या शेजारी, दौंडला उभं राहिलं होतं!

मित्रांनो, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. म्हणून हा लेखनप्रपंच.

माळ्यावरची प्रयोगशाळा

गुल्येल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतल्या बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे जमीनदार. आई ॲनी आयरिश, व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेल्या जेमसन घराण्यातली. म्हणजे घरात पैशाला कमी नव्हती. पण पोरगा रीतसर विद्यापीठात शिकलाच नाही. आपल्याकडे अशा मुलाला लोक वाया गेलेला म्हणतात. त्याचं नशीब असं की बोलोन्या विद्यापीठातले फिजिक्सचे प्रोफेसर ऑगुस्तो रिगी हे शेजारी होते. त्यांच्यामुळे पुस्तकं आणि उपकरणं हाताळायला मिळाली.

१८९४ च्या पहिल्या दिवशी हाइनरिश हर्ट्झ वारला. विद्युतचुंबकीय लहरी खरोखर असतात हे त्याने सिद्ध केलं होतं, पण त्यांचा काही उपयोग होईल असं त्याला स्वतःला वाटत नव्हतं. हर्ट्झच्या कामावर लिहिलेलं वाचून वीस वर्षांच्या मार्कोनीच्या डोक्यात किडा वळवळला. या लहरींवरून तारेशिवाय तार पाठवता येईल का? वीस वर्षं म्हणजे आत्ता माझं जे वय आहे ते. माझ्या डोक्यात सध्या बॅकलॉग नको एवढाच किडा आहे, हे जाता जाता सांगते.

पोन्तेक्क्योच्या घरात माळ्यावर त्याने सामान मांडलं. एका बाजूला ठिणगी पाडणारं यंत्र. दुसऱ्या बाजूला कोहेरर, म्हणजे धातूचा कीस भरलेली काचेची नळी. लहर आली की कीस एकमेकांना चिकटतो आणि त्यातून करंट वाहतो. हे सगळे भाग दुसऱ्यांनीच शोधलेले होते. मार्कोनीने काय केलं? एक तार उंच टांगली आणि एक जमिनीत गाडली. अँटेना आणि अर्थ! १८९५ मध्ये समोरच्या टेकडीपलीकडे, सुमारे दोन किलोमीटरवर, सिग्नल पोचला. पलीकडचं दिसत नसल्यामुळे सिग्नल मिळाल्याची खूण म्हणून बंदुकीचा बार काढला गेला. जगातलं पहिलं ॲकनॉलेजमेंट पॅकेट बहुधा तो बारच असावा.

१८९६ मध्ये आई त्याला घेऊन लंडनला गेली. २ जूनला पेटंटचा अर्ज केला. ब्रिटिश पोस्टाचे मुख्य इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी पाठबळ दिलं. मे १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेला, जुलैमध्ये कंपनी निघाली, मार्च १८९९ मध्ये इंग्लिश खाडी पार झाली. पंचविशीच्या आत पोरगा जगप्रसिद्ध!

ठिणगीचा गोंगाट

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, कारण हवेत बोलणारा तो एकटाच होता. १८९९ च्या शेवटी अमेरिकेच्या नौदलाने त्याच्या यंत्राची चाचणी घेतली. अंतर वगैरे ठीक होतं. मग त्यांनी सरळसाधी गोष्ट केली. दोन ट्रान्समीटर एकाच वेळी चालू केले. रिसीव्हरवर नुसता काला झाला, काही वाचता येईना. मार्कोनीने आपल्याकडे यावर उपाय असल्याचं सांगितलं, पण पेटंट झालेलं नसल्यामुळे तो दाखवला नाही.

असं का व्हायचं? ठिणगी म्हणजे जमिनीवर ताट आपटण्यासारखं आहे. आवाज मोठा येतो, पण त्याला एक असा सूर नसतो. एकदम पुष्कळ फ्रीक्वेन्सीज बाहेर पडतात आणि लगेच विरून जातात. स्वयंपाकघरात दोघांनी ताटं आपटली तर कोणतं कोणाचं हे कसं सांगणार?

उपाय होता सूर लावण्याचा. सतारीला वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. वरची तार ज्या सुरात वाजते, त्या सुराला लावलेली खालची तार आपोआप झंकारते, बाकीच्या गप्प राहतात. हेच तत्त्व कॉइल आणि कपॅसिटर वापरून रेडिओला लावता येतं. इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी १८९७ मध्येच त्याचं पेटंट मागितलं होतं. मार्कोनीने पाठवणाऱ्याची दोन आणि घेणाऱ्याची दोन अशी चारही सर्किट्स एका सुरात लावली आणि २६ एप्रिल १९०० रोजी पेटंट टाकलं. त्याचा नंबर ७७७७. त्याच वर्षी एकाच अँटेनावर दोन संदेश, एक इंग्रजीत आणि एक फ्रेंचमध्ये, एकाच वेळी वेगवेगळे घेऊन दाखवले गेले. आज आपण चॅनल म्हणतो, त्याची ही सुरुवात.

पण लॉज यांचा हक्क काही सुटला नाही. शेवटी मार्कोनी कंपनीला त्यांचं पेटंट विकत घ्यावं लागलं. आणि मार्कोनी गेल्यानंतर सहा वर्षांनी, १९४३ मध्ये, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने या ट्यूनिंगच्या अमेरिकन पेटंटमधले महत्त्वाचे दावे रद्द केले, कारण लॉज, टेस्ला आणि स्टोन यांचं काम आधीचं होतं.

अटलांटिक आणि जगदीशचंद्र

मार्कोनीचा स्वभाव असा की अंतर वाढवायचं तर ताकद वाढवायची. इंग्लंडच्या पोल्धू इथे २५ किलोवॅटचं जनित्र बसवलं. १९०१ च्या सप्टेंबरमध्ये वादळाने अँटेनाचे वीस खांब आडवे केले, तरी हा थांबला नाही. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगाला बांधलेल्या तारेच्या टोकाशी इअरफोन कानाला लावून त्याने आणि त्याचा मदतनीस केम्प याने तीन टिंबं ऐकली. मोर्समधला एस. अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. खरंच ऐकली की वातावरणातल्या खरखरीत भास झाला, यावर आजही वाद आहे. फेब्रुवारी १९०२ मध्ये फिलाडेल्फिया बोटीवरून जाताना मात्र कागदाच्या पट्टीवर संदेश उमटले आणि रात्री लहरी दिवसापेक्षा कितीतरी लांब जातात हेही लक्षात आलं.

सिग्नल हिलवर त्याने जे डिटेक्टर वापरले, त्यात लोखंड आणि पारा वापरलेला एक कोहेरर होता. तो इटालियन नौदलाचा म्हणून ओळखला गेला. पण तशा प्रकारच्या पाऱ्याच्या कोहेररचं वर्णन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलं होतं. बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात लोकांसमोर लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती, दारू उडवली होती. त्यांच्या लहरी काही मिलीमीटरच्या होत्या. फाइव्ह-जीमध्ये आज मिलीमीटर वेव्हचं जे कौतुक चालतं, तिथे हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकात पोचले होते! पेटंटच्या मागे लागायची त्यांना आवड नव्हती. पुढे मित्रांच्या आग्रहामुळे १९०४ मध्ये एक अमेरिकन पेटंट मिळालं, तेवढंच. हे दोघेही १९३७ मध्येच वारले, मार्कोनी जुलैमध्ये आणि बोस नोव्हेंबरमध्ये. जनरल नॉलेजच्या पुस्तकात मात्र एकालाच जागा मिळाली.

माझं मत विचाराल तर मार्कोनीला चोर म्हणणंही बरोबर नाही आणि देव म्हणणंही नाही. त्याने तुकडे जोडले, शेवटपर्यंत नेले आणि विकले. हेही इंजिनिअरिंगच आहे. पण ज्यांचे तुकडे, त्यांची नावं घ्यायला काय हरकत होती?

सगळे एकदम बोलले तेव्हा

१९०१ च्या अमेरिका कप नौकांच्या शर्यतीत मार्कोनीची माणसं, डी फॉरेस्टची माणसं आणि तिसरी एक कंपनी, तिघेही बातम्या पाठवायला बसले. तिघांनी एकमेकांचं इतकं बिघडवलं की शर्यत कोण जिंकतंय हे वायरलेसवरून नीट कळेना.

४ जून १९०३ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मार्कोनीचे सल्लागार फ्लेमिंग यांचं व्याख्यान होतं. आपला संदेश कोणी ढवळू शकत नाही असा मार्कोनीच्या बाजूचा दावा होता. तेवढ्यात यंत्र टकटक करू लागलं आणि मार्कोनीची टिंगल करणारा मजकूर मोर्समध्ये यायला लागला. जवळच बसून नेव्हिल मस्केलाइन नावाच्या जादूगाराने तो पाठवला होता. सूर लावलेला असला तरी जवळून जोरात ओरडलं तर ऐकू येतंच, हे त्याने भर सभेत दाखवून दिलं. जगातला हा पहिल्या काही हॅकिंगपैकी एक प्रकार म्हणता येईल.

मार्कोनी कंपनीचा अजून एक नियम होता. जहाजांवरचे तिचे ऑपरेटर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांशी बोलायचे नाहीत, संकट असेल तरच. धंदा म्हणून हुशारी, पण समुद्रावर धोका. जर्मनी यावर चिडली आणि १९०६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत देशांनी ठरवलं की किनाऱ्यावरच्या स्टेशनने कोणाचंही यंत्र असो, बोलायलाच हवं. मोबाईलवर एका कंपनीच्या सिमवरून दुसऱ्या कंपनीला फोन लागतो, याचं बीज इथे आहे.

आणि मग १४ एप्रिल १९१२ ची रात्र. टायटॅनिकवर मार्कोनी कंपनीचे दोन ऑपरेटर होते. त्यातला फिलिप्स लांबच्या केप रेस स्टेशनशी प्रवाशांच्या तारा पाठवण्यात गुंतला होता. केप रेसचा सिग्नल बारीक. तेवढ्यात अगदी जवळ असलेल्या कॅलिफोर्नियन बोटीने बर्फाची सूचना द्यायला सुरुवात केली. जवळची असल्यामुळे ती फिलिप्सच्या कानात धाडकन आदळली आणि त्याने त्या ऑपरेटरला गप्प बसायला सांगितलं. तो गप्प बसला, थोड्या वेळाने यंत्र बंद करून झोपला. रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळली. सर्वांत जवळ असलेल्या बोटींपैकी एकीला पुढच्या हाका ऐकूच गेल्या नाहीत. लांबच्या कार्पेथियाचा ऑपरेटर योगायोगाने अजून जागा होता, म्हणून सातशेहून अधिक लोक वाचले. दीड हजारांच्या आसपास बुडाले.

आमच्या सिलॅबसमध्ये याला नियर-फार प्रॉब्लेम म्हणतात. जवळचा मोठा आवाज लांबचा बारीक आवाज गिळतो. वर्गात मी तो डायग्राम काढून पाच मार्कांसाठी लिहिला होता. त्याच्यामागे एवढी माणसं आहेत हे नंतर समजलं.

त्या वेळी मार्कोनी न्यूयॉर्कमध्येच होता. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, कारण वायरलेसमुळे जे वाचले ते वाचले. पण त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत आणि अमेरिकेच्या कायद्यात नियम कडक झाले. हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा कमी लांबीच्या, म्हणजे निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लहरींवर ढकललं गेलं. आणि बघा, पुढे १९२१ ते १९२३ मध्ये याच टाकाऊ शॉर्टवेव्हवर त्या हौशी लोकांनी अगदी थोड्या पॉवरमध्ये अटलांटिक पार केला!

ताकद सोडून दिशा

इथे मार्कोनीचा मला सर्वांत आवडणारा भाग येतो. १९१२ च्या सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात त्याचा उजवा डोळा गेला होता. १९०९ मध्ये ब्राऊनबरोबर नोबेल मिळालेलं होतं. वीस वर्षं लांब लहरी, उंच खांब, मोठी वीज याच रस्त्यावर कंपनीचा पैसा लागला होता. अशा वेळी माणूस आपलंच खरं म्हणत बसतो. याने तसं केलं नाही. महायुद्धाच्या काळात, १९१६ पासून, तो आणि त्याचा इंजिनिअर फ्रँकलिन शॉर्टवेव्ह आणि रिफ्लेक्टर यांच्याकडे परत वळले. १९१९ मध्ये एलेत्रा नावाची बोट घेऊन तिचीच प्रयोगशाळा केली. १९२३ मध्ये तो केप व्हर्दे बेटांपर्यंत गेला आणि पोल्धूहून येणारा शॉर्टवेव्ह सिग्नल तिथे ऐकला.

कल्पना अशी की चारी दिशांना ओरडण्याऐवजी बॅटरीच्या झोतासारखा एकाच दिशेला सिग्नल सोडायचा. वीज कमी लागते, पलीकडे सिग्नल जोरात पोचतो आणि बाकीच्यांना त्रासही कमी. म्हणून नाव पडलं बीम. १९२४ मध्ये ब्रिटिश पोस्टाने करार केला. कॅनडाची सेवा १९२६ मध्ये, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारताची १९२७ मध्ये सुरू झाली.

आता भारताचं स्टेशन कुठे? पाठवायचं खडकीला, पुण्याजवळ. आणि ऐकायचं आपल्या दौंडला!

पणदऱ्याहून बारामती आणि बारामतीहून रेल्वेने दौंड, हा आमचा नेहमीचा रस्ता. दौंड म्हटलं की गाडी बदलायची आणि वडापाव खायचा, एवढंच आम्हाला माहीत. विलायतेहून येणारी वायरलेस तार हिंदुस्थानात पहिल्यांदा जिथे ऐकली जायची ते हे ठिकाण, हे वाचून मी उडालेच.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. पाठवणं आणि ऐकणं एकाच जागी का नाही केलं? पुणे ते दौंड रेल्वेने पंचाहत्तर किलोमीटर आहे. एवढी लांब दोन स्टेशनं ठेवायची म्हणजे खर्च दुप्पट. कारण सोपं आहे. खडकीचा ट्रान्समीटर कित्येक किलोवॅटने ओरडतोय. त्याच्याच शेजारी बसून सात हजार किलोमीटरवरून आलेली कुजबुज ऐकता येईल का? इंग्लंडमध्येही तसंच, ग्रिम्सबीजवळ पाठवायचं, स्केगनेसजवळ ऐकायचं. टायटॅनिकवर फिलिप्सच्या कानात जे झालं, ते होऊ नये म्हणून ऐकणारा कान लांब, शांत जागी नेला. आपलाच आवाज आपल्याला बहिरा करतो, हे त्यांनी जमिनीवर अंतर सोडून मान्य केलं.

बीम सेवा इतकी स्वस्त पडली की समुद्राखालच्या केबल कंपन्यांचा धंदा बसायला लागला आणि १९२९ मध्ये केबल आणि वायरलेस कंपन्यांचं एकत्रीकरण करावं लागलं. भारतातली सेवा १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली. त्यातून ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, आणि १९८६ मध्ये विदेश संचार निगम. म्हणजे आपल्या घरच्यांनी व्हीएसएनएलचं पहिलं इंटरनेट वापरलं असेल, तर त्या कंपनीच्या खापरपणज्या खडकी आणि दौंड!

पणदऱ्याचा उसातला गोंगाट

आता तुम्ही म्हणाल याचा आमच्याशी काय संबंध? सांगते. आमच्या भागात निरा डाव्या कालव्याचं पाणी आणि त्यावर ऊस. पाणी किती द्यायचं हा रोजचा प्रश्न. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने गेल्या काही वर्षांत हवामान केंद्रं, जमिनीतले सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून ऊसशेतीचे प्रयोग केले, ते पेपरात आपण वाचलेच. त्यामुळे आमच्या ग्रुपनेही प्रोजेक्टला जमिनीचा ओलावा मोजणारे छोटे नोड घेतले. ते लोरा पद्धतीने बोलतात. नोडची पॉवर साधारण २५ मिलीवॅट. पोल्धूच्या २५ किलोवॅटशी तुलना केली तर दहा लाख पटीने कमी! तरी काही किलोमीटर जातं, कारण हा सिग्नल एका सुरावर न थांबता खालून वर सूर चढवत नेतो, आणि रिसीव्हरला ती चढण ओळखता येते. खरखरीच्या खाली दबलेला सिग्नलही त्याला सापडतो.

भारतात यासाठी २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय खुला आहे, पुढे तो ८६८ पर्यंत वाढला. खुला म्हणजे सगळ्यांचा. म्हणजे परत अमेरिका कपची शर्यत!

एक गणित करून बघू. समजा शंभर नोड आहेत, प्रत्येक जण दहा मिनिटांनी एकदा बोलतो, मनाला येईल तेव्हा. सर्वांत लांब जाणारी सेटिंग, स्प्रेडिंग फॅक्टर १२, लावली तर एक छोटं पॅकेट हवेत सुमारे दीड सेकंद राहतं. चॅनल एकच असेल तर दर सेकंदाला हवा ०.२५ सेकंद भरलेली. अलोहाच्या सूत्राप्रमाणे, म्हणजे हवाई बेटांवरच्या विद्यापीठात १९७० च्या सुमारास निघालेल्या पद्धतीप्रमाणे, पॅकेट सुखरूप पोचण्याची शक्यता फक्त ६१ टक्के. शंभरातली एकोणचाळीस पॅकेट्स आपसात धडकून गेली. आता तीन चॅनल वापरा, तोटा १५ टक्क्यांवर येतो. शिवाय ओलावा काही दहा मिनिटांत बदलत नाही, म्हणून तासाला एकदाच बोला, तोटा तीन टक्क्यांच्या आत. जे नोड गेटवेच्या जवळ आहेत त्यांना स्प्रेडिंग फॅक्टर ७ द्या, त्यांचं पॅकेट साठ मिलीसेकंदांच्या आसपास उरकतं. पॉवर मात्र कुठेच वाढवलेली नाही!

उलट जवळच्या नोडची पॉवर कमी करायची, नाहीतर तो कॅलिफोर्नियन होतो आणि लांबच्या बांधावरचा नोड केप रेस. अँटेना उसाच्या वर काढायची, कारण ओली पानं सिग्नल खातात. आणि ज्युनिअर्ससाठी खास टीप : प्रत्येक पॅकेटला पोच मागू नका. गेटवे पोच पाठवत असताना त्याला ऐकू येत नाही. त्याच्याजवळ खडकी आणि दौंड एकाच डबीत आहेत. त्या वेळात बाकी नोड बोलले तर ते हवेतच गेले.

हे सगळं मी घरी आमच्या आबांना समजावून सांगायला गेले. मला वाटलं होतं त्यांना ते अवघड जाईल. त्यांना दोन मिनिटांत कळलं. कालव्याला आवर्तन सुटलं की सगळ्यांनी एकदम दारं उघडली तर शेवटच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, म्हणून पाळी लावायची, आणि ज्याचं भागलं त्याने दार बंद करायचं. त्यांच्या लेखी वायरलेस म्हणजे तेवढंच. पाण्यावरून भांडणं होतात, हवेवरून का होणार नाहीत? टाइम डिव्हिजनचं एवढं सोपं लेक्चर मी अजून ऐकलेलं नाही.

आबांच्या बोलण्यातली शेवटच्या शेतकऱ्याची गोष्ट महत्त्वाची आहे. पॅकेट हरवतं ते बहुतेक वेळा लांबच्या नोडचं. लांबचा नोड म्हणजे टेलचं, म्हणजे शेवटच्या टोकाचं शेत, जिथे पाणी आधीच कमी. तिथलं रीडिंग आलं नाही आणि कॉम्प्युटरने जमीन ओली आहे असं धरलं, तर ऊस वाळणार तो त्याचाच. इंटरफेअरन्स हा शब्द पुस्तकात निर्जीव वाटतो. शेतात त्याला एक मालक असतो.

शेवटची वर्षं

मार्कोनीचं उरलेलं आयुष्य सांगितल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षात गेला. १९३० मध्ये इटलीच्या रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष झाला. अकॅडमीच्या कागदपत्रांतून पुढे असं उघड झालं की त्याच्या कारकिर्दीत यहुदी शास्त्रज्ञांच्या नावापुढे खूण करून त्यांना बाहेर ठेवलं गेलं. १९३१ मध्ये त्याने पोपसाठी व्हॅटिकन रेडिओ उभा केला, नंतर मायक्रोवेव्हवर काम केलं. तिथेही त्याची नजर पुढचीच होती. पण ज्याने जन्मभर वेगवेगळे आवाज एकमेकांना न बिघडवता ऐकू यावेत म्हणून डोकं चालवलं, त्याने म्हातारपणी अशा माणसाला साथ दिली ज्याला दुसरा आवाजच नको होता. हे मला पटवून घेता येत नाही, आणि घ्यायचंही नाही. मोठ्या माणसाचं यंत्र वापरावं, वागणं तपासून घ्यावं.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचं हृदय थांबलं. वय ६३. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्काराच्या वेळी ब्रिटिश पोस्टाची वायरलेस स्टेशनं आणि बीबीसी दोन मिनिटं बंद ठेवण्यात आली. त्याने १८९५ मध्ये टेकडीपलीकडे पहिली ठिणगी पाठवली तेव्हा हवा रिकामी होती. त्यानंतर ती दर वर्षी भरतच गेली, आणि बेचाळीस वर्षांनी तिचा काही भाग त्याच्यासाठी मुद्दाम रिकामा करावा लागला.

आता आपल्या हॉस्टेलपुरतं. रात्री अकरा वाजता वाय-फाय चालत नाही म्हणून प्रत्येक खोलीत नवा राऊटर आणि त्यावर मोठा अँटेना लावायची जी टूम निघाली आहे, तिला पोल्धूचा रस्ता म्हणतात. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांना न शिवणारे आहेत. मजल्यावर बसून ते वाटून घ्या, जवळच्या राऊटरची पॉवर कमी करा, आणि डाऊनलोडला पाळी लावा. कालव्यावर जमतं ते मजल्यावर जमायला हरकत नाही.

— तृतीय वर्ष, ई अँड टीसी